येकातेरिनबुर्गला गाडीनंच

डॉक्टर मुरलीधर आगाशे यांना जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा मिळाली नाही, तिथून त्या संध्याकाळचं भांडण सुरू झालं. टेबलावर रशिया पसरला होता. म्हणजे रशियाच्या रेल्वेचा नकाशा, सगळ्या घड्या उलगडलेला, आणि तो गुंडाळून बसू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर मिठाची बाटली, लोणच्याची बरणी, चष्म्याचं घर आणि तुपाची वाटी ठेवलेली. तुपाची वाटी नेमकी सायबेरियावर होती.

"हे उचल," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही आज आत ओट्यापाशी बसून जेवा ना," प्रमोदिनी मान वर न करता म्हणाली. तिच्या हातात पेन्सिल होती.

लग्न झाल्यापासून डॉक्टर ओट्यापाशी बसून जेवले नव्हते. हॉस्पिटलातून रिटायर होऊन वर्ष झालं तरी घरात ते वॉर्डात राउंडला निघाल्यासारखेच फिरायचे, आणि मागून कुणी चालत नाही याचा त्यांना राग यायचा. ताट हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"प्रमोदिनी, बी रीझनेबल. साठीला आलेली बाई एकटी अर्धं जग ट्रेननं पार करणार? लोक हसतील."

"लोकांना कुठे न्यायचंय? मी एकटीच जातेय."

प्रकरण असं होतं. दोघांची एकुलती एक लेक इशिता वर्षभर इंग्रजी शिकवायला म्हणून उरल पर्वतापाशी येकातेरिनबुर्ग नावाच्या मोठ्या शहरात गेली आणि आंद्रेय नावाच्या उंच, अबोल मुलाशी लग्न करून तिथेच राहिली. आता तिला दिवस गेले होते. बाळंतपण महिन्याभरावर आलं होतं, रक्तदाब चढला होता, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवास तर सोडाच, जिना उतरायलाही बंदी केली होती. साउथहॅम्प्टनमध्ये वाढलेली पोर, मराठी बोलताना एरवीही अडखळायची. त्या दिवशी फोनवर तर रडत होती.

"आई, तू येशील का? मला ना, खूप भीती वाटतो."

इशितानं जन्मात काही मागितलं नव्हतं. लहानपणीसुद्धा दुकानात खेळण्यांसमोर नुसती उभी राहायची, बोट दाखवायची नाही. प्रमोदिनीनं पुढचं मागचं काही न बघता सांगून टाकलं, "येते."

सांगून टाकलं खरं, पण प्रमोदिनीला विमान बंद होतं.

बारा वर्षांपूर्वी सुपरमार्केटच्या रांगेत उभी असताना तिच्या छातीत कळ आली आणि श्वास अर्ध्यावर अडकला. फुप्फुसाला भोक पडून हवा छातीत साठली होती. काही दिवसांनी तेच पुन्हा झालं, तेव्हा ऑपरेशन करून ते फुप्फुस छातीला आतून चिकटवून टाकलं. घरी आणताना गाडीतच डॉक्टरांनी सांगितलं, "आता विमान बंद. वर हवेचा दाब कमी होतो. रिस्क नको." डॉक्टर स्वतः छातीच्या विकारांचे कन्सल्टंट. अर्ध्या हॅम्पशर जिल्ह्याची फुप्फुसं त्यांनी तपासलेली. त्यांच्या बायकोनं फुप्फुसाबद्दल आणखी कुणाला विचारायचं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. तिच्या स्वतःच्याही नाही.

इंग्लंडातल्या मराठी डॉक्टरांच्या घरी रीतच ती. घरच्यांनी जीपीकडे, म्हणजे गावातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जायचं ते लस टोचून घ्यायला. बाकी सगळी दुखणी जेवणाच्या टेबलावर तपासायची, आमटी वाढता वाढता. 'जीभ दाखव. काही नाही, झोप काढ.' संपली तपासणी. सर्जननं ऑपरेशननंतर तपासायला बोलावलं, तेव्हाही डॉक्टर सोबत गेले. तो गोरा सर्जन सगळा वेळ त्यांच्याशीच बोलला, निम्मा वेळ क्रिकेटबद्दल. प्रमोदिनी ब्लाउजची बटणं लावत पडद्यामागे उभी होती. फुप्फुस तिचं, पण बोलणं दोघा डॉक्टरांचं.

त्या एका वाक्यानं काय काय नेलं, ते तिलाच माहीत. पुतण्याचं लग्न गेलं, मैत्रिणीची साठी गेली. डॉक्टर भारतात जात राहिले, स्वतःच्या आईच्या आजारपणात तर वर्षात दोनदा गेले, आणि ती हीथ्रो विमानतळावर त्यांना सोडायला जाऊन कारनं एकटी परत येत राहिली. आणि त्यातच मिरजेला तिची स्वतःची आई अंथरुणाला खिळली. धाकट्या भावाचा, जयंतचा फोन आला, "ताई, ती सारखं तुझं नाव घेते. ये." प्रमोदिनी डॉक्टरांच्या मागे लागली. "अहो, एकदाच जाऊ द्या. व्हायचं ते होऊ दे." डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला होता. "वाटेत तुला काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही," ते म्हणाले होते. तिला तेव्हा त्या दुःखातही बरं वाटलं होतं. आपला माणूस आपल्याला इतका जपतो, असं वाटलं होतं.

आई गेली. जयंतनं फोनवर एवढंच म्हटलं, "तुला यायचंच नव्हतं, ताई. रोज हजारो लोक विमानानं येतात, त्यांना काय फुप्फुसं नसतात?" त्यानंतर मिरजेहून भाऊबीजेचा फोन आला नाही. तिनं केलेला कुणी घेतला नाही. ती राखी पाठवत राहिली, ती पोचते की नाही तेही तिला कळलं नाही.

तर विमान बंद. मग गाडी. आणि गाडीला प्रमोदिनी भिणाऱ्यातली नव्हती. तिचे वडील मिरज जंक्शनवर मालधक्क्यावर कारकून होते. त्या काळी मिरजेत रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ येऊन भिडायचे, आणि एका गाडीतला माल दुसरीत चढवताना हमालांचा जो आरडाओरडा चालायचा त्याच्या आवाजात ती पोर अभ्यास करायची. कुठली गाडी कुठल्या गाडीला गाठ घालून देते हे तिच्या घरात भाजीचे भाव बोलावेत तसं बोलायचे. गेली कित्येक वर्षं तिला कुठे जायचंच नव्हतं, म्हणून ते सगळं माळ्यावर पडून होतं इतकंच.

तिनं लायब्ररीतून युरोपच्या गाड्यांचं जाडजूड वेळापत्रक आणलं. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून ब्रसेल्स. तिथून कोलोन. कोलोनहून थेट मॉस्कोला जाणारा झोपायचा डबा. बेलारूसच्या वेशीवर, ब्रेस्तला, रूळ रुंद होतात. तिथे माणसं आत बसलेली असतानाच अख्खा डबा उचलून खालची चाकं बदलतात. हे वाचलं तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसली. मिरजेला ही सोय असती तर हमालांच्या पाठी वाचल्या असत्या, असं तिच्या मनात आलं.

मॉस्कोतून येकातेरिनबुर्गला जायच्या वाटा दोन. एक कझानवरून, दुसरी पेर्मवरून. दोन्हींची स्टेशनं एकाच चौकात समोरासमोर. इशितानं फोनवर सांगितलं, "कझानवाला घे आई, ती गाडी चांगला आहे. उराल नाव आहे तिचा." एक रात्र आणि एक अख्खा दिवस. सकाळी व्होल्गा लागते म्हणे. रशियाचा व्हिसा, बेलारूसमधून नुसतं जायचा व्हिसा, यासाठी प्रमोदिनीनं लंडनला खेपा घातल्या, रांगेत उभी राहिली, एका खिडकीवरच्या माणसाशी भांडलीसुद्धा. तिकिटं घरी आली त्या दिवशी तिनं ती देवाजवळ ठेवली. आता ते सगळं टेबलावर होतं आणि डॉक्टर ताट धरून उभे होते.

डॉक्टरांनी एका हातानं तिकीट उचललं. "हे बघ. इथेच चूक आहे. यावर येकातेरिनबुर्ग कुठे लिहिलंय? स्वेर्दलोव्स्क लिहिलंय!"

"तेच ते. शहराचं नाव बदललं, स्टेशनचं जुनंच राहिलं."

"आणि ही वेळ? इशितानं सांगितलेल्या वेळेत आणि हिच्यात दोन तासांचा फरक आहे."

"ती मॉस्कोची वेळ. रशियात कुठल्याही गावाला जा, रेल्वेचं घड्याळ मॉस्कोचंच. गावात उजाडलेलं असो की मावळलेलं असो."

"काय मूर्खपणा आहे!"

"मला नाही विचित्र वाटलं," प्रमोदिनी म्हणाली. "आपल्या घरी तेच चालतं."

डॉक्टरांनी तिकीट टेबलावर आपटलं आणि ओट्यापाशी जाऊन जेवले. पण त्यांनी हार मानली असं समजायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून रोज नवं काहीतरी निघू लागलं. रशियात थंडीनं माणसं मरतात. बेलारूसमध्ये पासपोर्ट काढून घेतात. मॉस्कोत स्टेशन बदलताना पाकीट मारतात. तिथे काय खाशील? तुला भाषा येत नाही. माझं ब्लडप्रेशर कोण बघणार? या शेवटच्या प्रश्नाला प्रमोदिनीनं उत्तर दिलं, "तुम्ही. डॉक्टर आहात ना?" बाकीचं तिनं कानाआड केलं आणि डिंक तळायला घेतला. बाळंतिणीचे लाडू, अळीव, जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी. बॅग भरत आली होती. निघायला आठवडा होता.

भाऊबीजेच्या संध्याकाळी पद्माकर आणि नीना आले. पद्माकर भूल देणारे डॉक्टर, नीना जीपी. दोघंही याच गावात, जवळच राहणारे. जयंतनं बोलणं टाकलं त्या वर्षी भाऊबीजेला प्रमोदिनी तबक समोर ठेवून रडत बसलेली नीनानं पाहिलं होतं. तिनं नवऱ्याला हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं, "हा घे भाऊ, तात्पुरता." तो तात्पुरता भाऊ मग दरवर्षी येत राहिला. खाण्यापिण्याचा शौकीन, बोलायला मोकळा, मनात काही न ठेवणारा गडी.

प्रमोदिनीनं त्याला ओवाळलं. पद्माकरनं तबकात पाकीट टाकलं. निरांजन अजून तेवत होतं, तेवढ्यात डॉक्टर पुढे झाले. त्यांनी खास ठेवणीतला कोट घातला होता, ते तिच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

"थांब. आमचीही ओवाळणी आहे. पाडव्याला द्यायची राहिली," असं म्हणून त्यांनी एक लांबट लिफाफा तबकात ठेवला, सुपारीच्या शेजारी.

"अरे वा, मुरली!" पद्माकर म्हणाला. "काय आहे? उघडा, प्रमोदिनीताई."

तिनं उघडलं. विमानाचं तिकीट होतं. हीथ्रो ते मॉस्को, मॉस्को ते येकातेरिनबुर्ग. तिच्या नावाचं. तारीख तिच्या गाडीच्या तारखेनंतरची.

"कसली ती ट्रेन आणि कसलं काय," डॉक्टर पाहुण्यांकडे बघून बोलत होते, बक्षीस समारंभात बोलावं तसं. "म्हटलं आपण एवढं कमावलं, बायकोला काय बोगीत बसवून पाठवायचं? सकाळी इथून निघाली की दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरी. बिझनेस क्लास."

नीनानं टाळ्या वाजवल्या. पद्माकरनं चकलीचा तुकडा मोडला. प्रमोदिनी तबक धरून उभीच होती.

"पण मला विमान बंद आहे ना?" ती म्हणाली. ती खरंच विचारत होती. तिला वाटलं, डॉक्टर विसरले. वय झालं, माणूस विसरतो.

"अगं, ते तेव्हाचं."

"तेव्हाचं म्हणजे कधीपर्यंतचं?"

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना वैद्यकीय प्रश्न ऐकू आला की उत्तर आतून आपोआप येतं, आणि पद्माकरच्या तोंडात चकली असली तरी ते आलंच. "ऑपरेशननंतर ना? सहा आठवडे. फार तर फार. फुप्फुस एकदा चिकटवलं की काही होत नाही त्याला. तुम्ही तर केव्हाच फिट आहात, ताई. तुम्हाला कुणी सांगितलं बंद म्हणून?"

नीनाचा टाळ्या वाजवणारा हात हळूच मांडीवर गेला. प्रमोदिनीच्या आईच्या तेराव्याला या घरी पोळ्या लाटून आणून देणारी नीनाच होती. तिला सगळं आठवत होतं. ती जीपी होती, बारा वर्षं शेजारी राहत होती आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. तिनं नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला, पण आता उशीर झाला होता. पद्माकरनं चकली खाली ठेवली आणि एकदा मित्राकडे, एकदा मानलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"सहा आठवडे," प्रमोदिनी म्हणाली.

तिनं तबक टेबलावर ठेवलं. मग ती पाहुण्यांना म्हणाली, "जेवण तयार आहे. तुम्ही जेवून जा. मी जेवणार नाही." पाहुणे अर्थातच जेवले नाहीत. दारात नीनानं तिचा दंड घट्ट धरला आणि सोडून दिला.

दार लागल्यावर डॉक्टर म्हणाले, "तू उगाच त्याचं मनावर घेऊ नकोस. पद्माकर काय, चेस्टचा माणूस नाही."

"मग तुम्ही सांगा. तुम्ही चेस्टचे आहात. सहा आठवडे की बारा वर्षं?"

"प्रत्येक पेशंट वेगळा असतो—"

"मी पेशंट नाही!" प्रमोदिनी ओरडली. या घरात तिचा आवाज एवढा कधी चढला नव्हता. खिडकीची काच हलली असं तिला वाटलं आणि हलली असती तर बरंच झालं असतं असंही वाटलं. "माझी आई मरत होती. मी तुमच्या पाया पडायची बाकी होते. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, की नव्हतं?"

डॉक्टर खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू समजून घे. इशिताचं ए-लेव्हल्सच्या परीक्षेचं वर्ष होतं. माझं नवीन युनिट सुरू व्हायचं होतं. तू गेली असतीस तर महिना-दोन महिने आली नसतीस. तुझ्या आईचं काय, वर्षभर तसंच चाललं असतं. घर कोण बघणार होतं?"

"घर."

"आधी खरंच रिस्क होती. सुरुवातीला मी खरंच सांगितलं. मग... मग ते तसंच राहून गेलं. विषयच निघाला नाही."

"विषय निघाला होता. जयंतच्या तोंडून निघाला होता. माझा हात धरून तुम्ही काय म्हणालात? माफ करू शकणार नाही म्हणालात ना स्वतःला? केलंत की! लगेच केलंत! त्यानंतर तीन महिन्यांनी तुम्ही स्वतःच्या आईला भेटायला गेलात, आणि मी, मूर्ख, तुमच्या बॅगेत तिच्यासाठी मऊ शाल घातली!"

डॉक्टर गप्प होते. गप्प बसले की समोरचं माणूस आपोआप शांत होतं, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव होता. नातेवाईक हॉस्पिटलात असेच शांत व्हायचे. पण प्रमोदिनी शांत झाली नाही. ती खोलीभर फिरत राहिली, बोलत राहिली. बारा वर्षांतलं काही सोडलं नाही. पुतण्याचं लग्न काढलं, हीथ्रोहून एकटीनं केलेला ड्राइव्ह काढला, लोकांनी 'बिचारी' म्हणून दिलेली सहानुभूती काढली. आपण ती सहानुभूती घेतली याची तिला आता किळस येत होती.

"नवरा म्हणून म्हणाला असतात ना, 'जाऊ नको, माझी अडचण होते', तर मी भांडले असते," ती शेवटी म्हणाली. "भांडून गेले असते. किंवा राहिले असते, तर ते माझं मी राहिले असते. पण तुम्ही डॉक्टर होऊन बोललात. तिथे मला भांडताच येणार नव्हतं, आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

डॉक्टर म्हणाले, "सॉरी." मग म्हणाले, "ते तिकीट तरी वापर. आता तर काही प्रश्नच नाही."

हा माणूस अजून तिकिटाबद्दल बोलत होता. प्रमोदिनीला त्या क्षणी इतका राग आला की तिला हसूच फुटलं.

"मी विमानात बसणार होते ते आईसाठी," ती म्हणाली. "तुमच्या सोयीचं झालं म्हणून आता बसायचं? लेकीकडे मी माझ्या गाडीनं जाणार."

पुढचे दिवस ती घरात एक शब्द बोलली नाही. स्वयंपाक केला तो एकटीपुरता. डॉक्टरांनी दोनदा अंडी उकडली, एकदा ती फुटली. एका दुपारी ती बराच वेळ कम्प्युटरसमोर बसली होती. पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होती, खोडत होती. डॉक्टरांना वाटलं, रशियाचंच काहीतरी.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं टॅक्सी बोलावली होती, पण डॉक्टरांनी ती परत पाठवली आणि बॅग स्वतःच्या कारमध्ये ठेवली. बॅग जड होती. लाडवांचं वजन होतं. तिनं वाद घातला नाही. स्टेशनपर्यंत वायपर तेवढे बोलत होते.

साउथहॅम्प्टन सेंट्रलच्या फलाटावर ऑफिसला जाणारी माणसं कॉफीचे कप धरून उभी होती. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनला जाणारी गाडी यायला थोडा वेळ होता. डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. कोटाच्या आतल्या खिशातून तो लांबट लिफाफा काढला. कोपरा दुमडला होता, त्यावर कुंकवाचा डाग होता.

"अजून वेळ आहे," ते म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. "आणि मी विचार केला, मीही येतो. दोघं जाऊ."

प्रमोदिनीनं लिफाफा हातात घेतला. डॉक्टरांचा चेहरा जरा उजळला. तिनं तो सरळ केला, दुमडलेला कोपरा बोटानं नीट केला आणि परत त्यांच्याच हातात दिला.

"हे बदलून घ्या. तुमच्या नावाचं घ्या. मुंबईचं."

"मुंबईचं?"

"मिरजेला जा. जयंतकडे."

डॉक्टरांना कळायला वेळ लागला. इतक्या मोठ्या डॉक्टरांना इतका वेळ लागावा, याचं तिला नवल वाटलं नाही.

"फोन करतो ना मी त्याला," ते म्हणाले. "आजच करतो."

"फोन तो घेत नाही. मी किती वर्षं करून बघितलाय. समोर जाऊन उभे राहा आणि तुमच्या तोंडानं सांगा. ताईला यायचं होतं. ताईला येता येत होतं. मी येऊ दिलं नाही."

"प्रमोदिनी, मी एकटा... तिकडे मला आता काही माहीत नाही. मिरजेला विमान जात नाही. गाड्या, रिझर्वेशन—"

"काढून ठेवलंय सगळं," ती म्हणाली. "सकाळी मुंबईला उतरणारं विमान घ्या म्हणजे दिवस हातात राहतो. संध्याकाळी व्हीटीहून महालक्ष्मी. पहाटे मिरज. ती चुकली तर दुसरी कोणती, तेही लिहिलंय. फ्रिजवर लावलंय, दुधाच्या बाटलीवाल्या मॅग्नेटखाली."

लांबून गाडी दिसायला लागली. माणसं फलाटाच्या कडेला सरकली. डॉक्टर लिफाफा धरून उभे होते.

"आणि त्यानं घरात घेतलं नाही तर? दारातच उभं ठेवलं तर?"

"तर दारात उभे राहा."

गाडी थांबली. दारं उघडली. प्रमोदिनीनं स्वतःच बॅग उचलली. डॉक्टरांनी हात पुढे केला होता, पण ती चढूनही गेली. खिडकीपाशी जागा मिळाली. लाडवांचा डबा तिनं मांडीवर घेतला आणि वेळापत्रक उघडलं. बाहेर डॉक्टर काचेवर बोटानं टकटक करत काहीतरी विचारत होते. काच जाड होती. विचारत होते ते बहुतेक, पोचलीस की फोन करशील ना. तिनं मान वर केली, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बोटानं पश्चिमेकडे, घराच्या दिशेला, फ्रिजच्या दिशेला दाखवलं. मग गाडी सुटली.